सोनं लाल का दिसतं? नॅनोतंत्रज्ञानाची तोंडओळख आणि थोडी चिरफाड

कणकण (धागाकर्ता)

घरच्या घरी करायच्या चाचणीपट्टीवरची लाल रेघ बहुतेकांनी पाहिली असेल. गर्भचाचणीची असो नाहीतर कोविडची. बहुतेक पट्ट्यांत ती रेघ सोन्याची असते. खरंच सोन्याची, साधारण ४० नॅनोमीटरच्या कणांची. या कणांना प्रतिपिंडं (ठरावीक रेणू ओळखून धरणारी प्रथिनं) चिकटवलेली असतात. थेंब कागदावरून पुढे सरकतो तसे कणही सरकतात, आणि ज्याचा शोध चाललाय तो रेणू सापडला की रेघेच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांत अडकून साचत जातात. पुरेसे साचले की डोळ्यांना रेघ दिसते.

पण सोनं तर पिवळं. मग रेघ लाल का? हा प्रश्न मला पडला आणि त्यामागे लागून बरंच वाचलं. त्यातलं जमेल तेवढं इथे मांडतोय. चुका असतील तर हक्काने दाखवा.

आधी माप. 'नॅनो' हा शब्द ग्रीक, अर्थ बुटका. मराठी पुस्तकांत 'अब्जांश तंत्रज्ञान' असा शब्द भेटतो, तो जास्त नेमका आहे, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर. तांबडी रक्तपेशी ७ हजारांच्या आसपास, करोनाचा विषाणू १००च्या घरात, डीएनएच्या गोफाची रुंदी २. बोटाचं नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं, म्हणजे एवढा परिच्छेद वाचेपर्यंत तुमची नखं वीसेक नॅनोमीटर पुढे गेली. सोयीसाठी १ ते १०० नॅनोमीटर एवढ्या टापूला नॅनो म्हणायचा प्रघात आहे. १०१ला काही आभाळ कोसळत नाही.

मला आधी वाटायचं की नॅनोतंत्रज्ञान म्हणजे छोटी छोटी यंत्रं. तसं नाही. खरी गंमत अशी की पदार्थ तोच ठेवून फक्त त्याचा आकार कमी करत गेलं तर एका टप्प्याखाली त्याचा स्वभाव पालटतो.

एक कारण पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच एक नॅनोमीटर बाजूचे ठोकळे पाडले असं समजा. माल तेवढाच, वजन तेवढंच, पण सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ फुटबॉलचं मैदान! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात, आत दडलेले अणू नुसते बसून असतात. दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात निम्म्याच्या आसपास अणू पृष्ठभागावरच असतात. सोनं हा एरवी कशाशी फारसं देणंघेणं न ठेवणारा धातू. पण त्याचे ५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन शून्य अंशाखालीही घडवून आणतात, हे जपानमध्ये मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवलं. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या शेकडो अंश आधीच पाघळतात.

दुसरं कारण इलेक्ट्रॉन, आणि इथे लाल रेघेचं उत्तर आहे. एवढ्याशा कणात सोन्याचे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर सगळे मिळून हेलकावतात, परातीतलं पाणी हलवल्यावर डचमळतं तसे. हा हेलकावा हिरव्या प्रकाशाशी जुळतो, त्यामुळे कण हिरवा गिळून टाकतात आणि आपल्याकडे पोचतो तो लालसर उरलेला. अर्धवाहकांत (सिलिकॉनसारख्या, धातूंपेक्षा कमी वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांत) कारण वेगळं, इलेक्ट्रॉनला कोंडून घातल्यासारखं होतं. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो आणि ६चा लाल. रसायन एकच! याच 'क्वांटम डॉट'साठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना मिळालं. ते कण आता टीव्हीच्या पडद्यात असतात.

इतिहास थोडक्यात. रोमन कारागिरांनी चौथ्या शतकात केलेला एक काचेचा पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाहेरून उजेड पडला तर हिरवा, आत दिवा ठेवला तर लाल. काचेत सोन्या-चांदीचे नॅनोकण आहेत, पण कारागिरांना याचा पत्ता असण्याची शक्यता शून्य. फॅरडेने १८५७मध्ये सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण केलं आणि हा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो हे ओळखलं. मग थेट २९ डिसेंबर १९५९, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठातलं भाषण. अणू एकेक उचलून मांडता आले तर काय होईल, असा त्यांचा सवाल होता. नॅनोतंत्रज्ञानाचा जन्म तिथेच झाला असं सगळीकडे लिहितात. मला ते नंतर केलेलं बारसं वाटतं, कारण पुढची वीसेक वर्षं त्या भाषणाकडे फारसं कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द वापरला नोरिओ तानिगुची यांनी, १९७४ साली. खरं वळण आलं १९८१ला, अणू 'दिसायला' लागले तेव्हा. त्यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

मी आता कुठलाही 'नॅनो' दावा दिसला की एकच प्रश्न विचारतो: आकार लहान केल्याने नेमकं काय बदललं? तुम्हीही विचारून पाहा.


फुलपाखरी

वाचनखूण साठवली. लाल रेघ सोन्याची हे माहीत नव्हतं. वापरलेल्या पट्ट्या फेकल्या त्याचं आता वाईट वाटतंय :)


कणकण

@फुलपाखरी, एका पट्टीतलं सोनं इतकं नगण्य असतं की त्याची बाळी सोडा, बाळीवरचा ओरखडाही होणार नाही.


सुईदोरा

छान लिहिलंय. १९८१बद्दल मी सांगते, विद्यार्थिदशेत दोन वर्षं त्या यंत्राशी झटापट केली आहे.

आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी केलेला हा स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक. यात भिंग नाहीच. एक टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतक्या जवळ न्यायची की दोन्हींत नॅनोमीटरभरही अंतर उरत नाही. टेकवायची मात्र नाही. मग इलेक्ट्रॉन मधली फट ओलांडून पलीकडे जातात आणि अगदी बारीक प्रवाह वाहतो. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की प्रवाह जवळजवळ दहापट घटतो. एवढ्या हळव्या प्रवाहावर नजर ठेवून सुई फिरवली की अणूंचे उंचवटे-खोलगे नोंदले जातात. आंधळ्याने बोटांनी चेहरा चाचपावा तसं. १९८६ला दोघांना नोबेल मिळालं.

आता आतली गोष्ट. अणूइतक्या टोकाची ही सुई कशी बनवायची? आम्ही प्लॅटिनम-इरिडियमची तार पक्कडीने तिरकी ओढून कापायचो. बस. तुटलेल्या टोकावर कुठला तरी एक अणू सर्वांत पुढे येतोच, आणि प्रवाह दर पावलाला इतका घटतो की मागच्यांची लुडबुड जाणवत नाही. पाचातल्या चार तारा वाया जायच्या. आणि रात्री काम करायचो, कारण दिवसा जिन्यावरच्या पावलांनी चित्र थरथरायचं.

१९८९मध्ये आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी झेनॉनचे ३५ अणू असे सुईने ढकलून निकेलवर कंपनीचं नाव लिहिलं. फाइनमनच्या प्रश्नाला तीस वर्षांनी आलेलं उत्तर. पण एक लक्षात घ्या, त्याला कित्येक तास लागले आणि सगळं उणे २६९ अंशांच्या जवळपास चाललं होतं. अणू एकेक रचून वस्तू बनवण्याचा कारखाना असा चालत नाही.


शंकासुर

लेख आवडला, पण माझी शंका राहिलीच. हल्ली रंगापासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर 'नॅनो' लिहिलेलं असतं. फोनची चिप म्हणे ३ नॅनोमीटरची. त्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर नक्की काय असतं?


घड्याळजी

@शंकासुर, खरं उत्तर: काहीही नाही.

नव्वदच्या दशकापर्यंत ते माप ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या विजेच्या सूक्ष्म खटक्याच्या) एका खऱ्या भागाचं, प्रवाह चालू-बंद करणाऱ्या गेटच्या लांबीचं असायचं. मग रचना बदलली, ट्रान्झिस्टर आडवा पसरायचा तो पात्यासारखा उभा राहिला, आणि आकडा नुसता पिढीचं नाव होऊन बसला. '३ नॅनोमीटर' पिढीत एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर ४५ ते ५०च्या आसपास असतं. सिलिकॉनमध्ये शेजारच्या अणूंमधलं अंतर पाव नॅनोमीटर धरलं तर ३ नॅनोमीटर म्हणजे डझनभर अणू. तेवढ्यात अख्खा ट्रान्झिस्टर बसत नाही.

पण म्हणून हे काम थोतांड ठरत नाही, उलट माणसाने केलेलं हे सर्वांत अचाट नॅनोकाम आहे. पात्यांची जाडी खरोखरच ५-७ नॅनोमीटर असते. हे कोरायचं प्रकाशाने, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७००. जाड खडूने तांदळावर नाव लिहिण्यासारखं झालं. म्हणून १३.५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरतात. तो मिळवायचा कसा? वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडायचे आणि प्रत्येक थेंबावर लेसर मारायचा, तोही दोनदा. पहिल्या फटक्यात थेंब चपटा होतो, दुसऱ्यात त्याचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) होऊन तो प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवा गिळते म्हणून सगळं निर्वातात. काचही गिळते म्हणून भिंगं चालत नाहीत, आरसे लागतात. साधा आरसाही चालत नाही, तर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून चाळीस-पन्नास वेळा चढवलेला आरसा. एवढं करूनही प्रत्येक आरशावर तीस टक्के प्रकाश वाया जातो, आणि वाटेत असे दहाएक आरसे असतात. हिशेब तुम्हीच करा किती उरतो.

म्हणजे नॅनो कोरण्यासाठी लागणारं हत्यारही नॅनोच. आकडा जाहिरातीचा, काम खरं.


शंकासुर

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि इथे तर कथील खरंच निघालं!


जुनी_वही

@शंकासुर, एक नंबर!

धाग्यात नोबेल आणि चिपा आल्या, पण नॅनो पदार्थांतला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त खपणारा गडी राहिला: काजळी. टायर काळा का असतो? रबर काही काळं नसतं. त्यात 'कार्बन ब्लॅक' मिसळतात, काही डझन नॅनोमीटरचे कण, एकमेकांना चिकटून झुपके झालेले. रबराच्या लांबलचक रेणूंना ते आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि टायर कितीतरी पट जास्त टिकतो. शंभरहून जास्त वर्षं हे चाललंय, पण त्याच्या जाहिरातीत कुणी 'नॅनो' म्हणत नाही.

दुसरं उदाहरण मोटारीच्या धुराड्यातला उत्प्रेरक डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची विटकर असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे काही नॅनोमीटरचे कण. इथे तुमचा फुटबॉलच्या मैदानाचा हिशेब चपखल बसतो. इतके महाग धातू, त्यामुळे प्रत्येक अणू पृष्ठभागावर हवा. तापून तापून कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, मैदान आक्रसतं, आणि डबा म्हातारा होतो. धातू तेवढाच असतो, नुसता गोळा झालेला.


कणकण

@जुनी_वही, हे मूळ लेखात यायला हवं होतं. 'म्हातारा होतो' फारच आवडलं.


उंटावरचा

माझा बाळबोध प्रश्न. रक्तात फिरून कर्करोगाच्या पेशी शोधून मारणारे नॅनोरोबो कधी येणार? तीस वर्षं ऐकतोय.


फुंकर

@उंटावरचा, रोबो विसरा, पाकीट आलंय. औषधाच्या क्षेत्रात नॅनो म्हणजे मुख्यतः पाकीट.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं औषध, पण ते हृदयाला इजा करतं. ते मेदाच्या साधारण १०० नॅनोमीटरच्या बुडबुड्यात भरलं की हृदयावरचा मारा कमी होतो. या 'डॉक्सिल'ला १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतरची मोठी उडी म्हणजे एमआरएनए लसी. एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू. तो नुसता शरीरात टोचला तर तिथल्या विकरांच्या तावडीत लगेच सापडतो, आणि पेशीच्या आतही जात नाही. म्हणून चार प्रकारच्या मेदांचं पाकीट. त्यातला एक मेद भलताच हुशार आहे: रक्तात तो विद्युतभाररहित असतो, त्यामुळे निमूट फिरतो. पेशीने पाकीट गिळलं की आतल्या आम्लधर्मी पिशवीत त्याला धनभार येतो, पिशवीचं आवरण फुटतं आणि एमआरएनए बाहेर सांडतो. ही युक्ती लसींच्या आधी, २०१८ला मान्य झालेल्या पॅटिसिरान या औषधात वापरात आली होती, म्हणून २०२०मध्ये हाताशी तयार होती.

आता कडू भाग. नॅनोकण कर्करोगाच्या गाठीतच जाऊन साचतात, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, कारण गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. २०१६ साली दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक (निम्मे प्रयोग त्याच्या वर, निम्मे खाली) ०.७ टक्के निघाला. बाकीचा माल मुख्यतः यकृत आणि प्लीहा गोळा करतात, कारण रक्तातली आगंतुक वस्तू उचलणं हेच त्यांचं काम. पत्ता बरोबर, पोस्टमन प्रामाणिक, पण वाटेत जकातनाके फार.


कणकण

@उंटावरचा, रोबोबद्दल माझी भर. एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६मध्ये अणू जोडत स्वतःच्याच प्रती काढणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली, आणि ती हाताबाहेर जाऊन सगळं जग 'करड्या चिखला'त बदलेल ही भीतीही. रिचर्ड स्मॉली (फुलरीन या चेंडूसारख्या कार्बन-रेणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले) यांनी तिची खिल्ली उडवली: अणू उचलणारी बोटंही अणूंचीच, म्हणजे जाडी आणि चिकट. उचललेला अणू सोडवायचा कसा?

त्या मापात जग वेगळंच असतं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी इतके धक्के देतात की सरळ चालणं म्हणजे गारपिटीत सायकल चालवणं. पाणी काकवीसारखं घट्ट वाटतं. हात मारणं थांबवलं की तिथल्या तिथे थबकायला होतं. म्हणून आपल्या यंत्रांची छोटी नक्कल तिथे चालत नाही. धक्क्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याच जोरावर चालायला हवं, आणि निसर्ग तेच करतो. आपल्या पेशींत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणारं एक फिरतं चक्र आहे, जेमतेम १० नॅनोमीटर रुंद, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेणारं. २०१६चं नोबेल रेणूयंत्रांना मिळालं खरं, पण आपली यंत्रं त्यापुढे अजून पाळण्यात आहेत.


उंटावरचा

म्हणजे नॅनोरोबो हवा होता तो मीच आहे, कोट्यवधींच्या संख्येने. बरं.


मोरपंखी

सुरक्षिततेवर कुणीच बोललं नाही. सनस्क्रीनमध्ये नॅनोकण असतात, ते कातडीतून रक्तात जातात का? आणि चांदीचे नॅनोकण लावलेले, वास न येणारे मोजे?


रसायनी

@मोरपंखी, एकेक करून.

सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. मोठे कण प्रकाश विखुरतात, म्हणून पूर्वी तोंड चुना फासल्यासारखं दिसायचं. कण नॅनो केले की दृश्य प्रकाश आरपार जातो आणि अतिनील तेवढा अडतो. कणकण यांच्या प्रश्नाला इथे चोख उत्तर आहे. धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे हे कण जात नाहीत असंच बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. नाकातोंडाने आत जाणं हा वेगळा मामला आहे, म्हणून फवारा आणि भुकटी या रूपात मी टाळते. युरोपात २०१३पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत अशा पदार्थापुढे 'नॅनो' लिहावंच लागतं.

चांदीच्या मोज्यांवर मात्र माझा राग आहे. चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणू मारतात हे खरं, जखमेच्या पट्टीत त्याचा उपयोगही होतो. पण २००८ साली बाजारातले मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले, तर काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. ती गटारात गेली, आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही जिवाणूच असतात.

कार्बनच्या नॅनोनळ्यांबाबत आकार हाच कळीचा मुद्दा आहे. लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटातल्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारख्या वागतात, हेही २००८मध्येच दिसलं. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्या तशा वागल्या नाहीत. सफाई करणाऱ्या पेशीला लांब काडी गिळता येत नाही, एवढं साधं कारण. २०१४मध्ये अशा एका प्रकारच्या नळीला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं गेलं. धोका वापरणाऱ्यापेक्षा कारखान्यात भुकटी हाताळणाऱ्याला.

आणि @शंकासुरसाठी खास: २००६ साली जर्मनीत नावात 'नॅनो' असलेला स्नानगृहाचा एक फवारा बाजारात आला आणि शंभरच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला. नॅनोवर बंदी घाला असा ओरडा झाला. तपासणीत त्यात नॅनोकण सापडलेच नाहीत.


शंकासुर

मी काही बोलत नाही. माझी म्हण आधीच वापरून झालीय.


सुईदोरा

कुणाला घरी नॅनो बघायचं असेल तर अळवावरचं पाणी बघा. म्हणीतलं नाही, खरंखुरं. पानावर सूक्ष्म उंचवटे, उंचवट्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक, आणि फटींत हवा. थेंब खरं तर हवेवरच तरंगत असतो, म्हणून घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाच्या पानाचंही हेच गुपित, बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७मध्ये उलगडलं. त्याची नक्कल करून स्वतःच स्वच्छ होणारे रंग निघाले, पण घासलं की नक्षी मोडते. पान नवं मेण उगवतं, रंगाला ते जमत नाही.


फुलपाखरी

करून पाहिलं! अर्ध्या पानावर अंगठा जोरात चोळला. चोळलेल्या जागी थेंब पसरून बसला, बाकी ठिकाणी पाऱ्यासारखा पळतोय. चोळलेलं पुन्हा ठीक होतं का?


सुईदोरा

कोवळं पान असेल तर थोडंफार. देठाला दोरा बांधून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा थेंब टाकून इथेच कळवा.